ओळीतला पहिला दिवा

५ जून

आज सभागृहात माझा आवाज माइकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत पोचला. सत्तरीला टेकलेल्या बाईने स्वतःचं कौतुक चारचौघांत करू नये म्हणतात. म्हणून इथे करते.

विषय रोपवेचा होता. सरपंच हार्टमान प्लुंगर यांना आमच्या हिंटरबाख गावातून थेट रोटकोफलच्या माथ्यावर पाळणे न्यायचे आहेत. खाण बंद होऊन चोवीस वर्षं झाली, पोरं शहरात चालली, पाहुणे आले तरच गाव जगेल, हे त्यांचं पालुपद. मी उभी राहिले. म्हटलं, "या डोंगराने चारशे वर्षं शिसं दिलं. ते बिशपांच्या तिजोरीत गेलं, सम्राटांच्या बंदुकांत गेलं. आमच्या बापांच्या वाट्याला काय आलं? धूळ! तो माथा त्यांचा आहे. तिथे जाईल तो पायाने जाईल. आइस्क्रीम चाटत कोणी आमच्या मेलेल्यांच्या डोक्यावर उतरणार नाही!"

टाळ्या. मग सरपंच गोड आवाजात म्हणाले, "बुर्गीबाई, तुम्ही स्वतः वर शेवटच्या कधी गेलात?"

लोक हसले. सभा हसायला लागली की तिच्यापेक्षा मोठं काहीतरी बोलावं लागतं. मी बोलले, "ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी माथ्यावर खाणकामगारांची प्रार्थना असते. त्या दिवशी बाराची घंटा व्हायच्या आत माझा हात माथ्यावरच्या क्रुसाला लागला नाही, तर पंचायतीत रोपवेच्या बाजूने पहिला हात माझा वर होईल."

"लिहून देता?"

"नोटबुर्गा राइनर बोलली, ते लिहिलंच समजा."

पंचायतीत मतं बरोबरीत अडकली आहेत. माझं मत जिकडे, तिकडे निकाल. सरपंचांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

फक्त कासियानने टाळी वाजवली नाही. कासियान त्राउनर, खाणीचा शेवटचा मुकादम, माझा चाळीस वर्षांचा साथी. संपात मी बोलायचे आणि तो माणसं जमवायचा. घरी येताना विचारलं तर म्हणाला, "हात दुखतोय." वय होतंय त्याचं.

माझं होत नाही. बापाचं रक्त आहे. लहानपणी सोमवारी पहाटे, अंधारात, खाणकामगारांची पाळी डोंगर चढायची. खिडकीतून दिव्यांची ओळ दिसायची. आई बोट दाखवायची, "तो सगळ्यांत पुढचा दिवा तुझ्या बाबांचा." शेवटचे तीन हिवाळे वडीलच ओळीच्या पुढे होते. मग आई पडदा ओढून घ्यायची; मला अजून बघायचं असायचं.

८ जून

व्हेरेना येऊन ओरडून गेली. माझी भाची, खालच्या शहरात नर्स आहे.

"आत्या, गुडघ्यात स्टील आहे तुझ्या!"

"मग काय, गंजणार आहे का?"

तिने नवे बूट आणलेत. नाडीच्या जागी चिकटपट्टी. मला वाकून नाडी बांधता येत नाही हे तिने दुकानदाराला खुशाल सांगितलं. अपमान आहे; पण बूट चांगले आहेत.

जाताना दारात घुटमळली. "सरावाला कासियानकाकांना नेऊ नकोस."

"का?"

"असंच. ऊन असतं."

रुग्णांची काळजी करून करून या मुलीला सगळं जग आजारी दिसायला लागलंय.

१५ जून

कासियानबरोबर जंगलातल्या देवळीपर्यंत गेले. चाळीस मिनिटांची वाट. परत आलो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. दोष माझ्या गुडघ्याचा नाही. हा माणूस दर वळणावर फुलं बघतो! मुकादम असताना याने फुलाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आज एका पिवळ्या फुलापाशी इतका वेळ वाकून उभा होता की मला वाटलं पाया पडतोय.

"हे काय नवीन?"

"छान आहे," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "तू पुढे हो, बुर्गी."

पुढे झाले. पुढे व्हायची मला सवय आहे.

२६ जून

खाणीच्या जुन्या सामानाच्या संग्रहालयात शाळेची सहल आली होती. मी बोलले. मुलांनी मोबाइल खाली ठेवले, यापेक्षा मोठी पावती आजकाल मिळत नाही.

त्यांना पाळीचा नियम सांगितला. गावातून वर खाणीपर्यंत बर्फातून जाताना माणसं एका ओळीत चालायची आणि सगळ्यांत सावकाश चालणारा सगळ्यांत पुढे असायचा. त्याला ओलांडून कोणी जायचं नाही. जो दमदार असेल तो शेवटी. "कारण," मी म्हटलं, "सावकाश माणूस मागे राहिला तर तो हरवतो आणि कोणाला कळतही नाही. तो पुढे असला तर हरवूच शकत नाही. मुलांनो, मी पुष्कळ वाचलंय. क्रांत्यांचे जाहीरनामे वाचलेत, राज्यघटना वाचल्यात. माणसांनी माणसांसाठी केलेला याच्याइतका न्याय्य कायदा मला कुठे सापडला नाही!"

एका मुलीने विचारलं, "मग सगळे थंडीत थांबायचे?"

"थांबायचे. आणि कोणी कुरकुर केली तर तो शनिवारी सगळ्यांना बिअर पाजायचा."

मुलं हसली. कासियान दाराशी बसला होता. तो काहीतरी सांगायला उठला, त्याला खोकला आला आणि तो बाहेर गेला. त्याला भाषणांचा कंटाळा आला असेल. चाळीस वर्षं ऐकतोय.

१९ जुलै

रागात लिहितेय, अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

गुत्त्यात सरपंचांनी रोपवेचा अर्ज टेबलावर आपटला. "बघा, बुर्गीबाई. कोणाची सही आहे?"

कासियानची.

मी त्याच्या टेबलापाशी गेले. "काय दिलं यांनी तुला? बिअर? की पाळण्याचं तिकीट फाडायची नोकरी?"

"आवाज खाली, बुर्गी."

"आवाज खाली करायला मी जन्मले नाही! सांग, का सही केलीस?"

तो ग्लासाकडे बघत राहिला. "मला वर जायचंय. बस."

"मग चाल की! पाय गेले का तुझे?"

"पाय आहेत," तो म्हणाला.

आणि ग्लास तोंडाला लावला. ज्या माणसाने कंपनीच्या साहेबांसमोर मान वाकवली नाही, तो आता बसल्या जागी वर जायला बघतोय! आळस हा म्हातारपणाचा खरा आजार आहे. गुत्त्यातून बाहेर पडताना दार आपटलं. काच फुटली नाही, याचं वाईट वाटलं.

३१ जुलै

एकटी जुन्या वस्तीपर्यंत गेले. तिथे पूर्वी खाणकामगार आठवडाभर राहायचे. आता बटाट्याचं सूप मिळतं. तिथून माथा म्हणजे फक्त शेवटची खडी चढण. गुडघा दुधीभोपळ्यासारखा सुजलाय. पण पोचले, आणि वेळेत पोचले. सरपंचांनी झोपेच्या गोळ्या घ्यायला सुरुवात करावी.

कासियानशी बोलणं बंद आहे. फिरायला मजा येत नाही, हे इथे लिहिते आणि विसरते.

९ ऑगस्ट

दार वाजलं. कासियान. हातात काठी, हेझलच्या लाकडाची, तासलेली, टोकाला लोखंड. मुठीला माझ्या हाताचं माप बरोब्बर होतं. ते त्याने कधी घेतलं कोण जाणे.

"तुझ्यासाठी."

"लाच आहे का?"

"काठी आहे."

आत घेतलं. राईचा पाव आणि धुरावलेलं मांस ठेवलं. त्याने अर्धं टाकलं. मग म्हणाला, "त्या रविवारी मीही येतो. पायाने."

"रोपवेवाला आणि पायाने?"

"तू वर पोचलेली बघायचीय मला."

म्हणजे वठणीवर आला. सही मागे घेत नाही म्हणाला, पण तेही होईल. माणूस चालायला लागला की विचार सुधारतात.

२९ ऑगस्ट

उद्या. आकाश स्वच्छ. भाषण तयार आहे, पाठ आहे, तरी खिशात ठेवलंय. शेवटचं वाक्य असं आहे की सरपंचांनाही टाळी वाजवावी लागेल. व्हेरेनाने गुडघा पट्ट्यांनी बांधला आणि विचारलं, "कासियानकाका खरंच येतायत?" हो म्हटल्यावर ती खिडकीबाहेर बघत बसली. मग म्हणाली, "मीही येते, औषधांची पिशवी घेऊन." माझ्यासाठी कसली पिशवी? पण आणू दे.

३० ऑगस्ट, संध्याकाळ

घडलं तसं लिहिते.

पहाटे चर्चसमोर सगळे जमले. खाणकामगारांच्या रिवाजाने "ग्लुक आउफ!" म्हणून एकमेकांना रामराम झाला. बँडवाले काळ्या गणवेशात, टोपीत पांढरी पिसं. ट्युबा, म्हणजे तो अजस्र पितळी कर्णा, मात्र जीपमधून जुन्या वस्तीपर्यंत जाणार होता.

"काय हो बुर्गीबाई," सरपंच म्हणाले, "ट्युबाला गाडी चालते, तेव्हा तुमचं तत्त्व कुठे जातं?"

"ट्युबाला पोट आहे, पाय नाहीत. तुम्हाला दोन्ही आहेत."

बँडवाले खिदळले.

मी जोरात होते. झाडं संपली, आणि आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे तिथून पुढे सगळे एकमेकांना 'तू' म्हणायला लागले. सरपंच माझ्या बाजूने वर सरकताना म्हणाला, "अजून वेळ आहे बुर्गी, फीर मागे."

"तू हो पुढे, हार्टमान. तुझं पोट आधी पोचू दे, तू मागून ये."

गुडघ्यातून कळा येत होत्या. काठीवर भार टाकला की सोसत होत्या. कासियान माझ्यामागे होता, मग थोडा आणखी मागे. दर वेळी वळून बघितलं की हात हलवायचा, पुढे हो. व्हेरेना त्याच्याबरोबर रेंगाळत होती. आत्याची शर्यत आणि ही फुलं बघणाऱ्याच्या सोबतीला.

जुन्या वस्तीनंतर वाट खाणीतून उपसलेल्या दगडांच्या ढिगांमधून नागमोडी वर जाते. तिथला दगड पायाखाली सरकतो. मी दात आवळले. माझ्या बापाने बाहेर काढलेले दगड मला पाडणार नाहीत, असं मनाशी मोठ्याने म्हटलं. आणि नाही पाडलं! बारा वाजायला बराच अवकाश होता, आणि समोर क्रूस, शेवटच्या दोन वळणांवर. हार्टमान क्रुसाला टेकून घड्याळ बघत होता. त्याचा चेहरा पडलेला मला खालून दिसत होता.

तेव्हा मी वळले. मागची सगळी ओळ आपल्या खाली बघावी, एवढाच हेतू होता.

ओळ विस्कटली होती. लोक दोघा-तिघांनी वर येत होते, गप्पा मारत. आणि पार खाली, सगळ्यांच्या मागे, ढिगाऱ्यात एक लाल टोपी. कासियान दगडावर बसला होता. दोन्ही तळहात गुडघ्यांवर, कोपर बाहेर, मान खाली, आणि खांदे वर-खाली होत होते. व्हेरेना शेजारी उकिडवी बसली होती.

तसं बसलेलं मी पाहिलं होतं. आमच्या घराच्या पायरीवर. वडील शनिवारी आले की आत यायच्या आधी तसे बसायचे. आई म्हणायची, "थांब, बाबा बूट काढतायत." पुष्कळ वेळ बूट काढत बसायचे.

आणि सोमवारी त्यांचा दिवा सगळ्यांत पुढे असायचा.

पाळीचा नियम मी शेकडो सभांत सांगितला आहे. माझ्या बापाला तो लागू होता, हे मला आज, त्या वळणावर कळलं. सगळा उन्हाळा कासियान मला पुढे हो म्हणत होता आणि मी होत होते.

मी खाली निघाले.

"बुर्गी!" वरून हार्टमान ओरडला. "क्रूस इकडे आहे!"

"माहीत आहे!"

"अगं, दोन वळणं राहिलीत! वेड लागलं का?"

उतरताना गुडघा जास्त दुखतो. पोचले तेव्हा कासियानने मान वर केली. ओठ निळसर झाले होते.

"तू इथे काय करतेस? वर जा."

"सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? धूळ काय माझ्या एकट्याच्या छातीत आहे?"

"फुलं बघत होतास!"

"काही फुलं खरंच चांगली होती," तो म्हणाला, आणि हसताना परत खोकला.

मी शेजारी बसले. व्हेरेना उठून थोडी लांब गेली. मी विचारलं, "माझे वडील. शेवटचे तीन हिवाळे. तू होतास का रे त्या ओळीत?"

"मी पोरगा होतो. त्यांच्या बरोबर मागे." तो दम घेत घेत बोलत होता. "ते थांबले की मी बुटाची नाडी बांधायला वाकायचो. माझ्या मागचाही वाकायचा. त्याच्या मागचाही. त्या हिवाळ्यात सबंध पाळीच्या नाड्या फार सुटायच्या."

मला काही बोलता आलं नाही. माझ्या बाबतीत हे क्वचित होतं, म्हणून नोंदवून ठेवते.

मग उठले आणि काठीने त्याच्या बुटाला टोचलं. "ऊठ. हो पुढे."

"बुर्गी, घंटा होईल. तुझं मत..."

"होऊ दे. पुढे हो म्हटलं ना! नियम तुला सांगायला हवा का, मुकादम?"

तो उठला. तो पुढे, मी मागे, माझ्या मागे व्हेरेना. थोडं चालायचा आणि थांबायचा. पहिल्यांदा थांबला, मी वाकले. स्टीलचा गुडघा काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण वाकले.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"नाडी."

"बरं," तो म्हणाला.

आम्ही शेवटच्या वळणाच्या बरेच खाली होतो तेव्हा घंटा झाली. बँड वाजला, ट्युबा बेसूर होता. मग मेलेल्यांची नावं वाचायला लागले. वाऱ्याने निम्मी नेली. 'इनोसेन्झ राइनर', माझ्या वडिलांचं नाव, मात्र स्पष्ट ऐकू आलं. कासियानने टोपी काढली आणि मी दोन नाड्या बांधाव्यात इतका वेळ वाकून राहिले.

पोचलो तेव्हा प्रार्थना संपून गेली होती. तरी एकही माणूस खाली उतरला नव्हता. सगळे उन्हात उभे होते. कासियानने दोन्ही हात क्रुसाच्या लाकडावर ठेवले, कपाळ टेकलं, आणि ते बघताना मला माझा हात लावायचं लक्षातच राहिलं नाही. व्हेरेनाने आठवण केल्यावर लावला.

हार्टमान जवळ आला. हळूच म्हणाला, "घंटा होऊन गेली, बुर्गी."

"कान शाबूत आहेत माझे."

"घड्याळ बघायला मी विसरलो, असं म्हणता येईल."

"तू खुशाल विसर. मी विसरणार नाही."

भाषण खिशातच राहिलं. दम उरला नव्हता, असं लोक म्हणतील. खरं म्हणजे वारा फार होता.

११ सप्टेंबर

पंचायतीत पहिला हात माझा वर गेला.

आमच्याच बाजूच्या बाकावरून कोणी तरी 'गद्दार' म्हणालं. त्याला थांबवलं नाही. तोंडावर बोलायला मीच त्यांना शिकवलंय. मग उभी राहिले. म्हटलं, "मी शपथ हरले म्हणून हात वर करत नाही. शपथ हरले नसते तरी केला असता! माथा पायाने जाणाऱ्यांचा आहे असं मी म्हणत होते. ज्यांनी या डोंगराला छाती दिली, ते आता पायाने जाऊ शकत नाहीत. त्यांना खाली ठेवून आपण वर गेलो, तर ती पाळी नव्हे, पळापळ आहे. रोपवे बांधा. पण पहिले पाळणे धूळ घेतलेल्या छातीच्या माणसांचे, फुकट, दर वर्षी, आणि ते कागदावर. ट्युबा जीपनेच जाईल."

"मान्य," सरपंच म्हणाले. खाली गावात आम्ही परत 'तुम्ही'वर आलो आहोत.

"आणि माथ्यावर आइस्क्रीम नाही."

"बुर्गीबाई, कॉफी तरी?"

"कॉफी चालेल. मलाही लागेल."

टाळ्या पडल्या. आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचला होता. गद्दार म्हणणारा आठवडाभर बोलणार नाही, मग येईल.

२० सप्टेंबर

रविवार. कासियान जेवायला आला, व्हेरेनाही होती. रोपवे उभा राहायला दोन वर्षं तरी लागतील, असं मी सांगितलं. कासियान म्हणाला, "मी थांबतो." मग ताटाकडे बघत म्हणाला, "पाळणा दोघांचा असेल ना? पहिल्यात माझ्या शेजारी बसशील?"

त्याला उंचीची भीती वाटत असणार, खाणीतल्या माणसाला वाटतेच. म्हटलं, "बसेन, पण वाटेत भाषण ऐकावं लागेल." तो म्हणाला, "म्हणून तर." व्हेरेना एकदम उठून भांडी घासायला गेली, जेवण अर्धवट टाकून. तिचं आजकाल असंच चाललंय.

दुपारी देवळीपर्यंत गेलो. आता तो पुढे असतो आणि मी मागे. पिवळी फुलं संपलीत, तरी तो थांबतो आणि मी वाकते.

"तुझी नाडी फार सुटते, बुर्गी," तो आज म्हणाला.

"नवे बूट आहेत. सैल होतात."

त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं आणि मान डोलावली. बुटाला नाडी नाही, चिकटपट्टी आहे. पण त्याच्या अजून लक्षात आलेलं नाही.